थरातली जागा

२००८ साली आयपीएल सुरू झाले आणि 'चीअरलीडर' हा शब्द आपल्याकडे टीव्हीतून घरोघरी पोचला. चौकार गेला की सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली, एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात पक्का झाला. संस्कृतिरक्षकांनी तेव्हा त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले, आणि बाकीच्यांनी डोळे भरून पाहून घेतले. पण वाचकहो, ज्या देशातून हा शब्द आला तिथे या प्रकाराला चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. २ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून याची सुरुवात मानतात. म्हणजे पहिला चीअरलीडर पुरुष होता! मुली त्यात आल्या १९२०च्या दशकात. पुढे त्यात कोलांट्या आल्या, माणसावर माणूस चढवून मनोरे आले, स्पर्धा आल्या आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. नाच मागे पडून कसरत पुढे आली.

मला त्यातला एकच भाग लिहावासा वाटला, तो म्हणजे त्यांची चाचणी. एखाद्या व्यायामशाळेत शंभर मुली जमतात. परीक्षक कागद घेऊन बसतात. कोलांटी, उडी, मनोऱ्यातले काम, ताल, आवाज अशा एकेका गोष्टीला गुण देतात. स्पर्धात्मक चीअरलीडिंगमध्ये सर्वांत सोप्या पहिल्या पायरीपासून सर्वांत अवघड सातव्या पायरीपर्यंत पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर काय करायचे, काय करायचे नाही, हे लिहून ठेवलेले आहे. चाचणीवरून मुलीची पायरी ठरते. मग जागा ठरते: कोण खाली उभे राहून पेलणार, कोण वर जाणार, कोण मागे थांबून पडणारीला झेलणार. अलीकडे अनेक व्यायामशाळा 'निवड चाचणी' हा शब्दच टाळतात, कारण कोणाला घरी पाठवायचे नसते. प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या संघात, कुठल्या ना कुठल्या जागी बसवायचे असते.

हे वाचताना मला आठवली ती आपली दहीहंडी. निवड वेगळी आणि जागा वेगळी, हा भेद मुंबईच्या चाळींतून कधीपासूनच पाळला जातो. कागद मात्र तिथे नव्हता. तो अलीकडे आला, आणि कसा आला तोच या लेखाचा विषय आहे.

आधी थोडे आपले, म्हणजे गोव्याचे. आपल्याकडे 'दहीकालो' म्हटले की जाणत्या माणसाला रात्रीचे दशावतारी नाटक आठवते, मनोरा आठवत नाही. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीज अमदानीत बाटाबाटीच्या धामधुमीत तो मयेला आणि तिथून माशेलला आला. देवासमोरच्या चिखलात म्हातारे-तरुण एकत्र लोळतात, जुने खेळ खेळतात. तिथे कोणाची चाचणी नाही आणि कोणाची जागा ठरलेली नाही. अंगाला तेल लावून चिखलात उतरला तो खेळाडू. घाटावर आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि वारी संपते. तिथेही कोण कोणाला भरवतो याचा हिशेब नसतो. काल्याची मूळ वृत्ती ही अशी सरमिसळीची आहे.

मुंबईत काल्याला उंची मिळाली. दोन चाळींच्या मध्ये दोरी बांधायची आणि हंडी टांगायची, ही सोय गिरगावात, लालबाग-परळच्या गिरणगावात आयतीच होती. गोव्याहून आणि कोकणातून गेलेली कितीतरी घरे त्या चाळींत होती. नवी मुंबईतल्या घणसोलीची हंडी तर १९०७पासूनची मानली जाते. सुरुवातीला पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरची हंडी गल्लीतली पोरे तीन-चार थरांत फोडत. त्यासाठी कोणाला तयारी लागत नसे. पुढे ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांची हंडी प्रसिद्ध झाली, मग इतर राजकारण्यांच्या हंड्या आल्या. बक्षिसे हजारांवरून लाखांवर गेली आणि हंडी दरवर्षी हात-दोन हात वर सरकू लागली. नव्वदच्या दशकापासून मुलींचीही पथके दिसू लागली. चार थरांचे सहा झाले, सहाचे आठ. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. उंची भरली ४३.७९ फूट. गिनीज बुकात नोंद झाली, आणि स्पेनमधल्या लोकांच्या नावावर १९८१पासून असलेला विक्रम मोडला.

आता नऊ थर म्हणजे काय ते नीट पाहूया, कारण खरी गंमत इथेच आहे.

गुरुपौर्णिमेला नारळ फोडून बहुतेक पथके सरावाला लागतात. तिथून गोकुळाष्टमीपर्यंत महिना-सव्वा महिना मिळतो. रात्री कामधंदा आटोपून पोरे मैदानात जमतात. कोणी कुरिअर कंपनीत, कोणी भाजीच्या गाडीवर, कोणी बँकेत. या महिन्याभरात प्रत्येकाची जागा ठरते. पथकातल्या जुन्या माणसाच्या हातात वही नसते, तो फक्त बघत असतो.

अगदी खाली उभे राहणाऱ्यांत जाडजूड माणसे असतात, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे. तळाच्या माणसाला ताकद पाहिजेच, पण त्याहून जास्त पाहिजे ती मान खाली घालून स्थिर उभे राहण्याची सवय. वर काय चालले आहे हे बघण्याचा मोह ज्याला आवरत नाही तो तळात चालत नाही. मान वर केली की खांदा कलतो, आणि खांदा कलला की वरच्याचा पाय घसरतो. म्हणजे ज्याच्या डोक्यावर सगळा सोहळा उभा आहे त्याला तो सोहळा दिसत नाही! त्याच्या भोवती आणखी माणसे घट्ट बिलगून उभी राहतात. त्यांचे काम दुहेरी. आतल्यांना आधार द्यायचा, आणि मनोरा कोसळला तर वरून येणारी माणसे आपल्या अंगावर घ्यायची. हातापायाने बेताची पण जीव लावणारी माणसे इथे कामी येतात. पथकातले पन्नाशीचे काका, पोट सुटलेले दादा, पहिल्यांदाच आलेला शेजारचा पोरगा, सगळ्यांची सोय इथे लागते.

मधल्या थरांची गोष्ट निराळी. एका थरात तीन जण असतील तर तिघांचे खांदे एका पातळीत हवेत. एकजण चार बोटे उंच असला की वरच्यांचा भार बुटक्याच्या बाजूला झुकतो. म्हणून उत्तम ताकदीचा मुलगाही केवळ जोडीला उंची जुळणारे दोघे नाहीत म्हणून खाली उतरवला जातो. त्याला वाईट वाटते. पण ही निवड एकट्याच्या गुणांवर होतच नाही, तिघांच्या मेळावर होते. चीअरलीडिंगच्या चाचणीतही हेच आहे. एकटीने कितीही सुरेख कोलांटी मारली, तरी पेलणाऱ्या दोघींची उंची आणि वेळ जुळल्याशिवाय जागा पक्की होत नाही.

आणि वरचे थर. तिथे एकेकच माणूस उभा असतो. त्या थरांना गोविंदा मंडळी 'एक्के' म्हणतात. 'चार एक्के लावले' म्हणजे शेवटचे चार थर एकावर एक एकेका माणसाचे. इथे हलके अंग पाहिजे, पण नुसते हलके नाही. खालच्याच्या पोटरीवर, मांडीवर, कमरेला आवळलेल्या कापडावर पाय देत चढायचे, मानेला लागून खांद्यावर पाऊल ठेवायचे आणि तिथे सरळ व्हायचे. घाबरणारा मुलगा चालत नाही, पण अजिबात न घाबरणाराही चालत नाही. त्याला थांब म्हटले की थांबला पाहिजे, उतर म्हटले की हंडी हाताच्या अंतरावर असली तरी उतरला पाहिजे. हे कुठल्या गुणपत्रिकेत कसे लिहायचे, तुम्हीच सांगा.

माझी एक मावसबहीण मध्य प्रदेशात बालाघाटला असते. गोंदियाला गाडी बदलून तिच्याकडे जावे लागते. बालाघाट हा जिल्हा १८६७चा. १८५३पर्यंत हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, त्यामुळे वैनगंगेच्या काठच्या त्या गावात हिंदीच्या जोडीला मराठी आणि पोवारी कानावर पडते, आणि गोव्याहून गेलेल्या माणसाला फारसे परके वाटत नाही. एकदा मी गोकुळाष्टमीला तिथे होतो. तिकडे याला 'मटकी फोड' म्हणतात. एका चौकात दोरी बांधली होती, मटकी फार तर अठरा फुटांवर. आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरे जमली आणि कोण कुठे उभे राहणार ते पाच मिनिटांत ठरले. मोठ्याने ओरडणारा एकजण प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून त्याची जागा सांगत होता. थाप मारताना तो हळूच खांदा दाबून बघतो हे माझ्या लक्षात आले. ज्याचा खांदा दबला नाही तो खाली, दबला तो बाहेरच्या कड्यात. दोनदा मनोरा ढासळला. दुसऱ्या वेळी त्याने खालच्या दोघांच्या जागा बदलल्या, एकाला चपला काढायला लावल्या आणि तिसऱ्या वेळी मटकी फुटली. चाचणी, मूल्यमापन, फेरनियुक्ती, सगळे अर्ध्या तासात. आमच्या खात्यात याला दोन वर्षे आणि चार फायली लागल्या असत्या. असो.

ही खांदा दाबून बघण्याची नजर आली कुठून? माझ्या मते ती तालमीतून आली. मल्लखांबाचा आजचा इतिहास सुरू होतो तो बाळंभटदादा देवधर यांच्यापासून. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आव्हान घेऊन आले. बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीला जाऊन साधना केली, स्वप्नात मारुतीने लाकडी खांबावरचे डाव दाखवले आणि परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केले, अशी कथा सांगतात. स्वप्नाचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण खांबावर अंग घोळवून कुस्तीची तयारी करण्याची ही विद्या पुढे बाजीरावाबरोबर उत्तरेत गेली, बडोद्यात वाढली आणि गावोगावच्या तालमींत रुजली. तिथे शिष्याची परीक्षा अशी वेगळी नसे. रोजची तालीम हीच परीक्षा. कोणाला खांबावर न्यायचे, कोणाला मातीत ठेवायचे, कोणाला नुसते जोर-बैठकांवर आणखी सहा महिने थांबवायचे, हे वस्ताद ठरवी आणि त्याचा निकाल अंतिम असे. यात अन्यायही होत असणार. वस्तादाच्या मर्जीतला, जातीतला, नात्यातला मुलगा पुढे जात नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही.

नजरेकडून गुणांकडे हा प्रवास मल्लखांबाने हंडीच्या कितीतरी आधी केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. प्रात्यक्षिक म्हटले की प्रेक्षकाला आवडले म्हणजे झाले. स्पर्धेत मात्र 'याला जास्त का, त्याला कमी का' याचे उत्तर द्यावे लागते. १९५८ साली दिल्लीला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धेत मल्लखांबाचा प्रवेश झाला, १९८१च्या जानेवारीत उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली आणि त्याच सुमारास राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. मग डावांची अवघड-सोपी प्रतवारी आली, साधारण दीड मिनिटाचा संच आला, उतरणीचे गुण आले. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि २०२३ साली गोव्यात ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली तेव्हा त्यात मल्लखांब होता. मुलगा कुठल्या वस्तादाचा हे परीक्षकाला ठाऊक असायची गरज उरली नाही. जे गेले त्याबद्दल मला हळहळ आहे, पण दूर गावातल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलाला गुणपत्रिकाच तारते हेही खरे.

जगात आपल्या थरांना तोडीस तोड एकच परंपरा आहे, ती स्पेनमधल्या कातालोनियाची. तिथल्या व्हाल्स गावच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांचे मनोरे रचले जातात. त्यांना 'कास्तेल' म्हणतात, म्हणजे किल्ला. तळाच्या गर्दीला 'पिन्या' असे नाव आहे. अगदी वर जाणाऱ्या लहान मुलाला किंवा मुलीला 'एन्शानेता' म्हणतात. ते मूल वर पोचून एक हात उंचावते आणि लगेच दुसऱ्या बाजूने उतरू लागते. तिथे फोडायला हंडी नाही. मनोरा चढला, हात वर झाला आणि सगळे धड खाली उतरले, तरच तो पूर्ण मानतात. चढून कोसळला तर त्याला वेगळी, कमी किंमत. तारागोना शहरात १९३२पासून त्यांची स्पर्धा आहे आणि कुठल्या रचनेला किती गुण याचा तक्ता आहे. २०१० साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून स्थान दिले. आपल्याकडे हंडी फुटली की बक्षीस, मग खाली कसे का येईनात. तो फरक मला फार मोलाचा वाटतो. उतरण्याला किंमत दिली की उतरता येणारी माणसे निवडली जातात.

त्यांच्याकडेही पोरे वर चढतात, आणि तिथेही अपघात झाले आहेत. २००६ साली एका मुलीचा पडून मृत्यू झाला, आणि त्यानंतर वरच्या थरांतल्या मुलांनी हेल्मेट घालायची रीत पडली. मुलांना मनोऱ्यातून काढून टाका असे तिथे ठरले नाही. अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. त्यांनी उंचीच बांधून टाकली: शाळांच्या संघांत दोन माणसांची उंची, कॉलेजांत अडीच माणसांची. त्यावर मनोरा नाही, मग तुम्ही कितीही तयारीचे असा.

आपल्याकडे हे काम न्यायालयाला करावे लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन बंधने घातली: अठरा वर्षांखालचे कोणी नको आणि वीस फुटांवर मनोरा नको. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली. २०१६ साली मात्र त्याच न्यायालयाने दोन्ही बंधने कायम ठेवली. जय जवानचे नऊ थर ४३.७९ फूट, म्हणजे एका थराला पाच फुटांहून किंचित कमी. वीस फुटांत थर बसतात चार! त्या वर्षी दादरला गोविंदांनी रस्त्यावर आडवे झोपून थर रचले आणि निषेध केला. जमिनीवर आडवा मनोरा, उंची फक्त माणसाच्या जाडीएवढी. वकिलांनाही हसू आले असेल. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोपवला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सहभागी करू देणार नाही, हे सरकारचे म्हणणे नोंदवून घेतले. तीच वयाची मर्यादा पुढे चालू राहिली.

चौदा हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण त्याने सगळ्या मनोऱ्यातल्या जागा हलवल्या. कचेरीतल्या माणसाला बेरजेची सवय, म्हणून मी आपला हिशेब मांडून पाहिला. आकडे माझे, अंदाजाचे. पूर्वी सगळ्यांत वर सात-आठ वर्षांचे वीस किलोचे पोर. त्याला पेलायला खाली तीस किलोचा मुलगा चाले, त्याच्याखाली चाळीसचा, त्याच्याखाली पन्नासचा. चार एक्के मिळून १४० किलो. आता वर चौदा वर्षांचा मुलगा, चाळीस किलोचा. त्याला खांद्यावर घ्यायला खालचा पन्नासचा तरी पाहिजे, त्याच्याखाली पंचावन्नचा, त्याच्याखाली साठचा. बेरीज २०५. त्याखालच्या तिघांवर पूर्वी प्रत्येकी सत्तेचाळीस किलो येत होते, आता अडुसष्ट. आणि हे ओझे तिथेच थांबत नाही, पायापर्यंत उतरत जाते. वर वाढलेल्या वीस किलोंचे खाली पासष्ट झाले. म्हणून कायदा पाळणाऱ्या पथकाला महिन्याच्या सरावावर भागत नाही, वर्षभर व्यायाम करणारी माणसे लागतात. न पाळणाऱ्याला एक लहान पोर मिळाले की काम झाले. प्रामाणिक पथकाने सात थर लावायचे आणि शेजारच्याने पोर चढवून आठ लावून बक्षीस न्यायचे, हे त्यातले दुखणे.

२०२२च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. २०२३ साली वरळीच्या बंदिस्त सभागृहात 'प्रो गोविंदा' नावाची स्पर्धा झाली. तिथे मॅट आहेत, दोरखंडाचे संरक्षण आहे, घड्याळ लावून किती वेळात थर लागले ते मोजतात. खेळ म्हटला की वयाचा दाखला आला, नावनोंदणी आली, विमा आला. २०२५ साली दीड लाख गोविंदांसाठी विम्याचे कवच सरकारने जाहीर केले. वस्तादाच्या नजरेच्या जागी अर्जाचा नमुना आला. मी स्वतः अर्जांच्या ढिगाऱ्यात दिवस काढणारा माणूस आहे, त्यामुळे कागदाला कमी लेखणार नाही. पण नमुन्यात 'जन्मतारीख' असा रकाना असतो. 'याला थांब म्हटल्यावर हा थांबतो का' असा रकाना नसतो.

आणि रकाना असला तरी तो कोण भरतो हा प्रश्न राहतोच. १० ऑगस्ट २०२५ रोजी, सणाच्या सहा दिवस आधी, मुंबईत दहिसरला सरावात थरावरून पडून एका मुलाचा जीव गेला. वय अकरा. म्हणजे नियमाने त्याने मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवायच्या होत्या. सणाच्या दिवशी पोलीस असतात, कॅमेरे असतात, आयोजकाला परवान्याची काळजी असते. सरावाच्या रात्री यातले काही नसते. तिथे पथकातला जो कोणी मोठा असेल तोच परीक्षक, तोच न्यायाधीश. जागा ठरतात त्या याच रात्रींत, आणि कायद्याची नजर तिथे पोचत नाही. चीअरलीडिंगच्या संघात प्रशिक्षकालाच आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि सरावालाही तेच नियम लागू असतात. आपण चढणाऱ्याचे वय तपासतो, चढवणाऱ्याचे काही तपासत नाही. माझ्या मते पहिली चाचणी त्या मोठ्या माणसाची घ्यायला हवी: मुलाला कुठल्या क्षणी खाली उतरवायचे हे त्याला कळते का, आणि बक्षिसाची रक्कम ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगितली जात असताना ते त्याला आठवते का.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ ऑगस्टला, ठाण्यात जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. दहा! तेरा वर्षे नवावर अडलेला आकडा पुढे सरकला. जय जवाननेही त्याच दिवशी दहा लावले. मी ते चित्रण घरी बसून तीन-चारदा पाहिले. सगळ्यांत वरचा पोरगा सरळ झाला आणि हात वर केला तेव्हा अंगावर काटा आला, नाही कसे म्हणू? पण चौथ्या वेळी मी मुद्दाम वर बघितले नाही, खाली बघितले. तळातल्या माणसांच्या फक्त पाठी दिसत होत्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. वरून पोरे सरसर उतरत आली, गर्दी नाचू लागली, आणि ती माणसे तशीच वाकून उभी होती. शेवटचा पाय खांद्यावरून निघाल्याशिवाय त्यांना सरळ होता येत नाही.